काचेच्या पडद्यावरचा नेम

डिसेंबर १९९३. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे व्हिडिओ गेममधल्या हिंसेबद्दल सुनावणी चालू होती. सिनेटर जोसेफ लिबरमन यांनी एक प्लास्टिकचे पिस्तूल उचलून सभागृहाला दाखवले. त्याचे नाव 'जस्टिफायर'. जपानच्या कोनामी कंपनीच्या 'लीथल एन्फोर्सर्स' या गेमसाठी ते बनवलेले होते. या गेममधले गुंड चितारलेले नव्हते, खऱ्या माणसांच्या छायाचित्रांवरून घेतलेले होते. पिस्तूल रोखायचे आणि त्यांना टिपायचे. असली वस्तू मुलांच्या हातात द्यायची का, असा लिबरमन यांचा सवाल होता. त्या गदारोळातून पुढच्या वर्षी अमेरिकेत गेमना वयानुसार श्रेणी देणारी ईएसआरबी ही संस्था उभी राहिली.

त्याच १९९४ साली नॅम्को या जपानी कंपनीने आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या केंद्रांत, 'गन बुलेट' नावाचा गेम आणला. जपानबाहेर तो 'पॉइंट ब्लँक' या नावाने गेला. यंत्राला दोन पिस्तुले होती, चाप होता, वेळेचे बंधन होते. नव्हता तो रक्ताचा थेंब. डॉ. डॅन आणि डॉ. डॉन हे दोन गोलमटोल विदूषकी डॉक्टर त्यातले नायक. खेळणाऱ्याने करायचे काय, तर हवेत गिरक्या घेत खाली येणारे झाडाचे पान एकाच गोळीत टिपायचे. विस्कटलेले आकडे क्रमाने फोडायचे. लाल आणि निळी लक्ष्ये एकत्र आली की फक्त आपल्या रंगाची निवडायची. कधी दोघा भोळ्या डॉक्टरांवर चालून येणाऱ्या संकटांना वाटेतच उडवायचे. अशा काही सेकंदांच्या नेमबाजीच्या आणि कोड्यांच्या खेळांची ती पोतडीच होती.

सिनेटच्या सुनावणीने बंदुकीचा गेम म्हणजे माणसे मारण्याचा गेम असे समीकरण लोकांच्या मनात पक्के केले. पण पडद्यावर प्रकाशाने नेम धरण्याच्या खेळाचा मागचा साठ वर्षांचा प्रवास पाहिला, तर 'पॉइंट ब्लँक'च मूळ प्रवाहातला दिसतो आणि रक्तपात ही बरीच नंतर फुटलेली फांदी ठरते.

प्रकाश झाडणारी बंदूक

सुरुवात झाली शिकागोत, १९३६ साली. ज्यूकबॉक्ससाठी नावाजलेल्या सीबर्ग कंपनीने 'रे-ओ-लाइट' नावाचे यंत्र बाजारात आणले. यंत्राच्या पेटीत एक खोटे बदक इकडून तिकडे सरके. त्याच्या अंगात प्रकाश ओळखणारी नळी बसवलेली असे. थोड्या अंतरावर उभे राहून बंदुकीचा चाप ओढला की तिच्यातून गोळीऐवजी प्रकाशाचा झोत सुटे. झोत नेमका बदकातल्या नळीवर पडला की विजेचे मंडल पूर्ण होऊन बदक पडे. छर्रा नाही, धूर नाही, काच फुटण्याची भीती नाही. बार आणि करमणूक केंद्रांचे मालक खूश झाले.

पुढचा टप्पा खेळातला नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर एमआयटीत 'व्हर्लविंड' नावाच्या संगणकाचे काम चालू होते. रडारवर दिसणारे विमान पडद्यावर ठिपक्याच्या रूपात उमटे. त्यातला कोणता ठिपका आपल्याला हवा आहे, हे संगणकाला सांगायचे कसे? रॉबर्ट एव्हरेट यांनी त्यासाठी हातात धरायचे एक उपकरण केले. ते ठिपक्यावर टेकवले की पडद्यातून येणारा प्रकाश त्याला दिसे आणि संगणकाला ठिपका कळे. शीतयुद्धात अमेरिकेने सोव्हिएत बाँबफेकी विमानांवर नजर ठेवण्यासाठी 'सेज' ही अवाढव्य यंत्रणा उभारली, तेव्हा तिच्या चालकांच्या हातात हेच उपकरण बंदुकीच्या रूपात होते. चालकाच्या टेबलात राखदाणी आणि सिगारेट पेटवण्याची सोयसुद्धा होती. पहारा रात्रभर चाले.

सीबर्गची बंदूक प्रकाश सोडत होती आणि बदक तो बघत होते. एव्हरेट यांनी हे उलटे केले. आता पडदा प्रकाश सोडत होता आणि बंदूक बघत होती. पुढे मुलांच्या हातात जे पिस्तूल आले ते या उलट्या तत्त्वावर चालले. १९७२ साली राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून साकारलेला मॅग्नव्हॉक्स कंपनीचा 'ओडिसी' हा घरगुती व्हिडिओ गेमचा पहिला संच आला, तेव्हा त्यासाठी वेगळी विकत मिळणारी रायफल होती. टीव्हीवरच्या उजळ ठिपक्यावर नेम धरायचा. ती फार भोळी होती. घरातल्या दिव्याकडे रोखून चाप ओढला तरी ती नेम लागला असेच समजे.

क्योटोतला सौरघट

जपानमधल्या क्योटो शहरात १८८९ साली सुरू झालेली निन्टेन्डो ही पत्ते छापणारी कंपनी. १९६०च्या दशकात तिचे तिसरे प्रमुख हिरोशी यामाउची नवा धंदा शोधत होते. त्यांच्याकडे गुन्पेई योकोई नावाचा एक तरुण यंत्र-दुरुस्तीचे काम करी. फावल्या वेळात खेळणी बनवण्याचा त्याचा नाद यामाउचींच्या नजरेत आला आणि त्यांनी त्याला खेळणीच बनवायला बसवले. त्याच सुमारास हायाकावा इलेक्ट्रिक, म्हणजे पुढची शार्प, या कंपनीचे अभियंते मासायुकी उएमुरा निन्टेन्डोकडे आपले सौरघट विकायला आले. सौरघटावर प्रकाश पडला की वीज तयार होते. मग उन्हाऐवजी बंदुकीतला प्रकाश पडला तर?

यातून १९७० साली 'कोसेन्जू एसपी' ही खेळण्यांची मालिका निघाली. बंदुकीतून प्रकाश सुटे, समोरच्या लक्ष्यातला छोटा घट तो पकडे. नेम लागला की बाटलीचे तुकडे उडत, सिंह डरकाळी फोडे. खेळणे धडाक्यात खपले. उएमुरा निन्टेन्डोतच रुजू झाले.

आता योकोईंनी मोठी उडी घेतली. जपानमध्ये बोलिंगची लाट नुकतीच ओसरली होती आणि देशभर बोलिंगच्या लांबलचक गल्ल्या रिकाम्या पडल्या होत्या. निन्टेन्डोने १९७३ साली त्यांत 'लेझर क्ले शूटिंग' सुरू केले. समोरच्या पडद्यावर मातीच्या तबकड्या उडत आणि गिऱ्हाइके प्रकाशाच्या बंदुकीने त्या टिपत. उद्घाटनाच्या दिवशी यंत्र बिघडले आणि गेन्यो ताकेदा या अभियंत्याने मागे लपून हातानेच तबकड्या पाडल्या, असा किस्सा सांगतात. पत्रकारांना पत्ता लागला नाही. खरा घाला पडला तो ऑक्टोबर १९७३ मध्ये. अरब राष्ट्रांनी तेल रोखले, जपानची अर्थव्यवस्था हादरली, एकामागून एक मागण्या रद्द झाल्या आणि निन्टेन्डो कर्जाच्या खाईत गेली.

कंपनी तगली ती हीच कल्पना लहान करून. गल्लीऐवजी आर्केडमध्ये मावेल असे यंत्र आले. १९७४च्या 'वाइल्ड गनमॅन'मध्ये १६ मिलिमीटरच्या फिल्मवर काउबॉय चित्रपटातला बंदूकबाज समोर येई. त्याचे डोळे चमकले की त्याच्याआधी चाप ओढायचा. १९७६ साली घराच्या भिंतीवर बदक प्रक्षेपित करणारे 'डक हंट' हे खेळणे आले. या सगळ्या खेळांत कसोटी एकच होती: डोळ्यांनी पाहिल्यापासून बोट हलेपर्यंत किती वेळ लागतो?

एका चौकटीचा अंधार

जुलै १९८३ मध्ये निन्टेन्डोने 'फॅमिकॉम' हा घरगुती संच जपानमध्ये आणला. तो घडवला उएमुरांनीच. कधीकाळी सौरघट विकायला आलेल्या त्याच उएमुरांनी. १९८४च्या पूर्वार्धात त्यासाठी पिस्तूल आले आणि त्याबरोबर 'वाइल्ड गनमॅन', 'डक हंट' आणि 'होगन्स ॲली'. जपानी पिस्तूल काउबॉयच्या रिव्हॉल्व्हरसारखे दिसे. १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये हा संच विकायला काढताना निन्टेन्डोने त्याचे रूप बदलून अंतराळकथेतल्या शस्त्रासारखे केले आणि त्याला 'झॅपर' म्हटले. दोनच वर्षांपूर्वी अमेरिकेत व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला होता. गेम म्हटले की दुकानदार दारातूनच परत पाठवत. एक यंत्रमानव आणि एक पिस्तूल सोबत असले की संच खेळण्यासारखा दिसे आणि फळीवर जागा मिळे. पुढे खऱ्या शस्त्रांशी गल्लत होऊ नये म्हणून अमेरिकेत खेळण्यातल्या बंदुकांसाठी १९८८ साली कायदा झाला आणि करड्या झॅपरचा रंग नारिंगी झाला.

हे पिस्तूल चालायचे कसे? चाप ओढताच संगणक संपूर्ण पडदा एका चौकटीपुरता, म्हणजे एका चित्रापुरता, काळा करी. अमेरिकेत आणि जपानमध्ये टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवी. तेव्हा हा काळोख एका सेकंदाचा साठावा भाग. पुढच्या चौकटीत बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. नळीतल्या प्रकाशसंवेदकाला आधी काळे आणि लगेच पांढरे दिसले, तर नेम लागला. बदके दोन असली तर चौकोन एकामागून एक उजळत. कोणत्या चौकटीत प्रकाश दिसला त्यावरून कोणते बदक हे ठरे. दिव्याकडे रोखून फसवता येत नसे, कारण काळोखाची अट होती आणि टीव्हीच्या पडद्याच्या लुकलुकण्याचा वेगही तपासला जाई. खेळणाऱ्याला मात्र फक्त एक क्षणिक झगमग जाणवे.

'डक हंट'मधले बदक मरते, हे खरे. पण लोकांच्या लक्षात राहिला तो नेम चुकल्यावर गवतातून डोके वर काढून फिदीफिदी हसणारा कुत्रा. अमेरिकेत मारिओच्या गेमबरोबर एकाच कार्ट्रिजमध्ये हा गेम संचासोबत मिळू लागला आणि त्याच्या जगभर २ कोटी ८० लाखांहून अधिक प्रती गेल्या. पिस्तूल न घेतलेल्या खेळाडूसाठीही एक गंमत होती. एकाच बदकाच्या खेळात दुसऱ्या कंट्रोलरने बदक उडवता येई. ही खोड बऱ्याच जणांना कधी कळलीच नाही.

महाराष्ट्रातल्या घरांत ही बदके आली ती मागच्या दाराने. नव्वदच्या दशकात फॅमिकॉमच्या स्वस्त नकला बाजारात सुळसुळल्या. आपल्याकडे त्यांना सरळ 'टीव्ही व्हिडिओ गेम' म्हणत आणि कार्ट्रिजला 'कॅसेट'. हजारो गेम असल्याचा दावा करणाऱ्या कॅसेटवर मारिओ, काँट्रा आणि बदके मारायचा गेम ठरलेले असत, बाकी त्यांचीच उजळणी. सोबत काळ्या वा नारिंगी रंगाचे हलके पिस्तूल मिळे. उन्हाळ्याच्या सुट्टीत वाड्यांतली, चाळींतली पोरे पिस्तुलाची नळी थेट टीव्हीच्या काचेला टेकवून गुण वसूल करत. निन्टेन्डो हे नावही ज्यांनी ऐकले नव्हते, त्यांना हसणारा कुत्रा पाठ होता.

जत्रेचा नेम

आर्केडमध्ये मात्र वारे बदलत गेले. तैतोच्या १९८७ सालच्या 'ऑपरेशन वुल्फ'ने खेळाडूच्या हातात यंत्रावर बसवलेली मशीनगन दिली आणि समोर सैनिकांच्या फौजा उभ्या केल्या. 'लीथल एन्फोर्सर्स'ने खरे चेहरे आणले. १९९४ साली सेगाच्या 'व्हर्च्युआ कॉप'ने त्रिमितीय शहर उभे केले. गुंडाच्या हाताला गोळी लागली तर हात आणि पायाला लागली तर पाय झटकला जाई. तंत्र जितके सुधारले तितका बळी माणसासारखा दिसू लागला. नेम तोच राहिला, नेमापुढे उभे असणारे बदलले.

नॅम्कोचे घराणे वेगळे होते. मासाया नाकामुरा यांनी १९५५ साली कंपनी काढली तेव्हा भांडवल होते योकोहामातल्या एका मोठ्या दुकानाच्या गच्चीवर ठेवलेले मुलांचे दोन डुलणारे घोडे. नाणे टाका आणि डुला. पुढे १९८० साली याच कंपनीत तोरू इवातानी यांनी 'पॅक-मॅन' केला, तो आर्केडमधली अंतराळयुद्धे सोडून बायका-मुलींनाही खेळावासा वाटेल असा खेळ हवा म्हणून. शिवाय जपानमध्ये खऱ्या बंदुकीशी लोकांचा संबंध जवळपास नाहीच. १९५८च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाला पिस्तूल बाळगणे अशक्यप्राय केले. त्यांना बंदूक माहीत आहे ती उन्हाळ्यातल्या देवळांच्या उत्सवातली. तिथल्या दुकानांत बुचाची गोळी असलेल्या बंदुकीने फळीवरची मिठाईची खोकी, बाहुल्या पाडायच्या आणि पडेल ते घरी न्यायचे. आपल्या जत्रेतला फुग्यांचा फळा आणि छऱ्यांची बंदूक यांचे हे सख्खे भावंड.

'गन बुलेट'ने ही जत्राच पडद्यावर मांडली. खेळाडूसमोर चार खेळांचा फळा येई. कोणता आधी घ्यायचा, हेसुद्धा पडद्यावर गोळी मारूनच ठरवायचे. प्रत्येक खेळाची अट सुरुवातीला एका ओळीत सांगितलेली: इतकी लक्ष्ये, इतके सेकंद, कधी इतक्याच गोळ्या. अट पूर्ण झाली नाही तर एक जीव गेला. बाँबला गोळी लागली तरी गेला. काही खेळांत पुठ्ठ्याचे चोर आणि पुठ्ठ्याचे पादचारी एकदम वर येत. घाई करणारा हमखास पादचाऱ्यालाच उडवी. आकड्यांच्या खेळात बोटापेक्षा डोळ्यांना काम जास्त, पानाच्या खेळात धीराला. दोघे खेळले तर दोघांची मोजणी वेगळी आणि शेजाऱ्याच्या तोंडचा घास पळवायची मुभा.

म्हणूनच हा गेम नेमबाजीइतकाच कोड्यांचाही आहे. बाकीचे बंदुकीचे गेम पाठ होत. कोणता गुंड कोणत्या खिडकीतून डोकावतो ते कळले की खेळ संपला. इथे दर काही सेकंदांनी नियमच बदलत. आधी समजून घे, मग निवड, मग झाड. गोळी झाडणे हा शेवटचा आणि सोपा भाग. पहिल्यांदाच पिस्तूल धरणारी आजी आणि रोज आर्केडमध्ये पडीक असलेला नातू यांच्यात खरी चुरस होऊ शके ती यामुळे. निन्टेन्डोच्या 'वारिओवेअर'ने २००३ साली क्षणभराच्या खेळांची माळ लोकप्रिय केली; त्या आधी जवळपास दहा वर्षे हे सूत्र नॅम्कोच्या हाती होते.

पिवळी वायर

घरी हा खेळ पोहोचला १९९७ साली, सोनीच्या प्लेस्टेशनवर. त्यासाठी नॅम्कोचेच 'गनकॉन' हे पिस्तूल होते. ते त्याच वर्षी 'टाइम क्रायसिस' या गाजलेल्या गेमबरोबर आले होते. झॅपरला फक्त लागला की नाही एवढेच कळे. गनकॉनला नेमका कुठे लागला हे कळायचे. त्यामागची युक्ती देखणी होती. जुन्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा एक झोत वरच्या डाव्या कोपऱ्यापासून ओळीने सरकत चित्र रंगवतो. एका क्षणी पडद्यावरचा एकच बिंदू ताजा उजळलेला असतो. टीव्हीला चित्र नेणारी पिवळी वायर गनकॉनमधून जाई, त्यामुळे चित्र रंगवायला कधी सुरुवात झाली हे पिस्तुलाला ठाऊक असे. नळीसमोरचा बिंदू उजळेपर्यंत किती वेळ गेला हे मोजले की ओळ आणि जागा दोन्ही मिळत. हे सारे घडे ते एका चौकटीच्या आत.

घरच्या आवृत्तीत नॅम्कोने आर्केडचे सगळे खेळ दिलेच, शिवाय डॅन आणि डॉन यांना घेऊन एक साहसकथाही जोडली. तीत गावोगाव फिरायचे आणि शत्रू भेटला की नेमबाजीचे कोडे सोडवायचे. मालिकेचा दुसरा भाग १९९९ साली आला आणि तिसरा त्यापाठोपाठ. २००२ साली जपानमध्ये तिन्ही भाग आणि 'टाइम क्रायसिस' एकत्र करून प्लेस्टेशन २ साठी 'गनवारी कलेक्शन' निघाला. २००६ साली निन्टेन्डो डीएस या हातात धरायच्या संचावर हा गेम आला तेव्हा पिस्तूलच गळाले. छोट्या पडद्यावर लेखणी टेकवली की गोळी. तरीही खेळ खेळच राहिला. गमतीची गोष्ट अशी, की भूतपिशाच्चांच्या रक्तबंबाळ 'हाउस ऑफ द डेड २'वरही सेगाने १९९९ साली हाच प्रयोग केला होता. 'टायपिंग ऑफ द डेड'मध्ये पिस्तूल काढून कीबोर्ड दिला. शब्द अचूक टंकला की पिशाच्च आडवे. तोही गेम लोकांनी डोक्यावर घेतला.

बंदुकीच्या गेमचा शेवट नैतिकतेच्या वादाने झाला असे पुष्कळांना वाटते. एप्रिल १९९९ मध्ये कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाल्यावर अमेरिकेत वातावरण तापले हे खरे. सेगाने ड्रीमकास्ट या घरगुती संचासाठीचे आपले पिस्तूल अमेरिकेत विकायला आणले नाही. पण या प्रकाराला मारले ते सपाट टीव्हीने. एलसीडी पडद्यावर सरकता झोत नसतो. चित्र वायरीतून आल्यावर टीव्ही ते आधी प्रक्रिया करून घेतो आणि थोडे उशिरा दाखवतो. झॅपरने एका चौकटीत पाहायचा तो चौकोन वेळेवर येतच नाही. गनकॉनला मोजायला बिंदूच उरत नाही. जाड काचेचे टीव्ही घराघरांतून भंगारात गेले आणि त्यांच्याबरोबर कोट्यवधी चालू पिस्तुले एका फटक्यात आंधळी झाली.

हौशी मंडळींनी हार मानलेली नाही. 'सिंडेन' नावाच्या नव्या पिस्तुलात कॅमेरा आहे. पडद्याभोवती पांढरी चौकट रंगवतात आणि तिच्यावरून ते आपली दिशा ओळखते. काहीजण तर केवळ या गेमसाठी जुना जाड टीव्ही शोधून सांभाळतात. हे प्रयत्न अजून हौसेच्या पातळीवर आहेत, पण त्यांतून कोणते गेम पुन्हा बाहेर निघतात ते पाहण्यासारखे आहे. 'लीथल एन्फोर्सर्स'मधले छायाचित्रांचे गुंड आज हास्यास्पद दिसतात, कारण त्या गेमची सगळी मिजास खरेपणावर होती आणि त्या काळातला खरेपणा दहा वर्षांतच शिळा झाला. 'पॉइंट ब्लँक'मधले गळणारे पान मात्र आजही तितक्याच कष्टाने टिपावे लागते. लिबरमन यांची काळजी खोटी नव्हती, पण त्यांनी उचलून दाखवलेले पिस्तूल या इतिहासाचा एक छोटा अध्याय होता. नेमबाजीचा खेळ टिकतो तो डोळा, बोट आणि डोके यांच्या कसोटीवर; समोर कोणाला मारायचे आहे, यावर नाही.